मेंदूची वेस



व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी आम्हांला विषय विचारला तेव्हा "मेंदूचे विकार आणि औषधाचे सूक्ष्म कण" असे आम्ही कळविले. दोन दिवसांनी त्यांचा फोन आला. "विषय जरा जड होतो का? उन्हाळ्याच्या संध्याकाळी लोक चार घटका बरे वाटावे म्हणून येतात," असे ते संकोचून म्हणाले. त्यांची अडचण आम्हांला समजली. तथापि हा विषय मुंबईच्या श्रोत्यांपेक्षा कोपरगावच्या श्रोत्यांस लवकर कळेल अशी आमची खात्री आहे. कारण तो समजण्यास दोनच गोष्टी ठाऊक असाव्या लागतात. एक, कालव्याचे पाणी कसे पाझरते. आणि दुसरी, कच शुक्राचार्यांच्या पोटात कसा शिरला. या दोन्ही बाबतींत तुम्हांला काही शिकविण्याची आमची पात्रता नाही.

विषयाकडे आम्ही का वळलो हे प्रथम सांगितले पाहिजे. आम्ही मुंबईस औषधशास्त्र शिकविण्यात आयुष्य घालविले. परंतु आमचे आजोळ या तालुक्यात गोदाकाठी आहे. २०२१ च्या मे महिन्यात आमच्या थोरल्या मामेभावांच्या मुलाचा फोन आला. मामेभावांना साखरेचा विकार जुना. एप्रिलमध्ये कोरोना झाला, स्टेरॉइडे द्यावी लागली, त्यातून उठून ते घरी आले. आठव्या दिवशी वरची दाढ दुखू लागली. दाढच ती, म्हणून दोन दिवस लवंगेच्या तेलाचा बोळा धरून काढले. तिसऱ्या दिवशी गाल बधिर झाला, डोळ्याची पापणी सुजून खाली आली, आणि मग सगळ्यांची धावपळ सुरू झाली. नाकामागच्या पोकळ्यांत बुरशी वाढली होती आणि ती डोळ्याच्या खोबणीपर्यंत पोहोचली होती. तिथून मेंदू चार बोटांवर.

या रोगास तेव्हा वर्तमानपत्रांनी "काळी बुरशी" असे नाव दिले आणि ते रूढ झाले. वास्तविक ही बुरशी काळी नसते. ती रक्तवाहिन्यांत घुसून त्या बुजविते. रक्त न मिळाल्याने तिथले मांस मरते आणि ते काळे दिसते. तिचे बीजाणू कोठे असतात म्हणाल तर सगळीकडे: कुजलेल्या पाल्यात, ओल्या पाचटात, शिळ्या भाकरीवर. तुम्ही-आम्ही ते रोज श्वासाबरोबर घेतो आणि आपल्या पांढऱ्या पेशी त्यांचा समाचार घेतात. रक्तातील साखर भरमसाट चढलेली, त्यावर स्टेरॉइडांनी या पेशी निष्प्रभ केलेल्या, अशा देहात मात्र बुरशीला रान मोकळे मिळते. २०२१ च्या जुलैपर्यंत देशात या रोगाचे सुमारे ४५ हजार रुग्ण नोंदले गेले, ४ हजारांहून अधिक माणसे दगावली. आणि रुग्णसंख्येत आपले महाराष्ट्र राज्य सर्वांच्या वर होते.

यावरचे मुख्य औषध अँफोटेरिसिन. ते मुख्यतः दोन रूपांत मिळते: एक साधे आणि दुसरे चरबीच्या सूक्ष्म पुटांत बसविलेले, ज्याला लायपोसोमल म्हणतात. डॉक्टरांनी दुसरे मागितले. हिशेब ऐका. मामेभावांचे वजन ६० किलो. दर किलोस ५ मिलिग्रॅम, म्हणजे दिवसाला ३०० मिलिग्रॅम. एका कुपीत ५० मिलिग्रॅम. म्हणजे दिवसाला ६ कुप्या. तीन आठवडे द्यायचे तर १२६ कुप्या. त्या वेळी एका कुपीला सहा-सात हजार रुपये पडत होते. साडेसात लाखांच्या वर बेरीज गेली. आणि पैसे हातात घेऊन उभे राहिले तरी कुपी मिळत नव्हती. वाटप सरकारी नियंत्रणाखाली गेले होते. मुलगा नगर, नाशिक, संभाजीनगर, जिथून म्हणून कोणी फोन उचलील तिथे फोन करीत होता. आम्ही औषधशास्त्राचे अध्यापक म्हणवितो. त्या चार दिवसांत आमच्या ओळखीपाळखीचा उपयोग एका कुपीइतकासुद्धा झाला नाही.

मग ते चार दिवस साधे अँफोटेरिसिन दिले. थंडी वाजून दात वाजत, ताप चढे, आणि मूत्रपिंडाच्या तपासणीचा आकडा रोज वर सरके. पाचव्या दिवशी चरबीच्या पुटांतले औषध मिळाले. शस्त्रक्रिया झाली, एक डोळा काढावा लागला, वरच्या जबड्याचा तुकडा गेला; पण माणूस वाचला. ते आज इथे समोर बसले आहेत, आणि हे सारे सांगण्यास त्यांची संमती आम्ही घेतली आहे.

इथवरची हकीगत तुमच्यापैकी अनेकांच्या घरात थोड्याफार फरकाने घडली असेल. आम्हांला आजचा विषय दिला तो पुढच्या दिवाळीत. वहिनींना, म्हणजे मामेभावांच्या पत्नीस, काही वर्षांपासून कंपवात आहे. भाऊबिजेला आम्ही गेलो असता मामेभावांनी कपाटातून एक बाटली काढली. वर ठळक अक्षरांत "नॅनो" असे छापलेले. नाकात रोज दोन थेंब, मेंदूत थेट पोहोचते, कंपवात मुळापासून जातो, असा मजकूर. किंमत साडेआठ हजार. ते म्हणाले, "तू शिकलेला म्हणून विचारतो. ज्या बारीक कणांनी मला वाचवलं, तेच कण हिच्या डोक्यात का जात नाहीत? आणि जात असतील तर ही बाटली खोटी कशी?"

बंधूंनो, इतका नेमका प्रश्न आम्हांला परीक्षेत कोणी विद्यार्थ्याने उलट विचारला नव्हता. त्याचे उत्तर त्या दिवशी चहाच्या वेळात देता आले नाही. ते आज देण्याचा प्रयत्न करतो.

मेंदूला वेस आहे, ही गोष्ट प्रथम जर्मनीत ध्यानी आली. १८८५ च्या सुमारास पॉल एरलिक हा शास्त्रज्ञ जनावरांच्या रक्तात रंग टोचून कोणता अवयव कसा रंगतो ते पाहत असे. यकृत रंगे, मूत्रपिंड रंगे, स्नायू रंगत. मेंदू मात्र कोरा राही. एरलिकला वाटले, मेंदूला रंगाची आवड नसावी. थोर माणसेही कधी सोप्या उत्तरावर थांबतात. त्याचाच शिष्य गोल्डमन याने १९१३ साली गंमत उलटी करून पाहिली: रंग रक्तात न घालता मेंदूभोवतीच्या पाण्यात घातला. आता मेंदू निळा झाला आणि बाकीचा देह कोरा राहिला. म्हणजे आवडीनिवडीचा प्रश्न नव्हताच. मध्ये भिंत होती, आणि ती दोन्हीकडून भिंतच होती. या भिंतीस नाव दिले लीना स्टर्न या विदुषीने, १९२१ साली, जिनीव्हात. पुढे १९६७ साली हार्वर्डमधील रीझ आणि कार्नोव्स्की यांनी विद्युत्कण-सूक्ष्मदर्शकातून ती भिंत कोठे आहे हे दाखविले. ती कवटीत नाही, मेंदूच्या आवरणातही नाही. ती मेंदूतल्या केसाहून बारीक रक्तवाहिन्यांच्या अस्तरात आहे.

इथे कालवा आठवावा. इंग्रजी अमदानीत गोदावरीचे डावा आणि उजवा असे दोन कालवे निघाले, ते मातीचे. मातीचा कालवा पाझरतो. त्या पाझराने विहिरींना पाणी आले, आणि त्याच पाझराने कालव्यालगतच्या कित्येक जमिनी चोपण झाल्या, हे इथल्या शेतकऱ्यांस सांगायला नको. आपल्या हातापायांतल्या सूक्ष्म रक्तवाहिन्या या मातीच्या कालव्यासारख्या आहेत. त्यांच्या पेशींच्या सांध्यांतून पाणी, मीठ, औषध असे बरेच काही पाझरते आणि मांसाला मिळते. मेंदूला असा पाझर परवडत नाही. जरा मीठ कमीजास्त झाले की माणसाला झटके येतात; जरा पाणी साचले की बंद कवटीत मेंदू दाबला जातो. म्हणून निसर्गाने मेंदूतले सारे कालवे जणू सिमेंटचे केले आहेत. पेशीला पेशी अशी घट्ट शिवली आहे की सांध्यातून काही जात नाही. जायचे ते पेशीच्या आतून, तिच्या परवानगीने. या सूक्ष्म वाहिन्या सरळ केल्या तर त्यांची लांबी सुमारे ६०० किलोमीटर भरते असे सांगतात. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला, तो ५२० किलोमीटरांचा. त्याहून लांब रस्ता प्रत्येकाच्या डोक्यात आहे, आणि त्यावर एकही फट नाही.

परवानगी कोणाला मिळते? प्राणवायूला मिळते, दारू आणि भूल यांसारख्या स्निग्धात विरघळणाऱ्या बारीक पदार्थांना मिळते. साखरेला तिच्या स्वतःच्या दाराने मिळते, आणि प्रथिनांच्या घटकांना त्यांच्या दाराने. कॅलिफोर्नियातील पार्ड्रिज यांनी या विषयात हयात घालविली; त्यांच्या अनुमानाने लहान रेणूंच्या औषधांपैकीसुद्धा शंभरांत अठ्ठ्याण्णव वेशीबाहेरच राहतात. मोठ्या रेणूंची कथाच नको.

कंपवाताचे उदाहरण घ्या, म्हणजे मुद्दा नीट ठसेल. या विकारात मेंदूच्या एका भागातले डोपामीन आटते. मग डोपामीनच टोचावे, तर ते वेशीतून जात नाही. परंतु त्याचा कच्चा माल, लेव्होडोपा, हा प्रथिनांच्या घटकांसारखा दिसतो. म्हणून तो त्यांच्या दाराने, त्यांच्या गर्दीत मिसळून आत जातो आणि आत गेल्यावर त्याचे डोपामीन होते. आपल्या बांधावर वाढणाऱ्या खाजकुइलीच्या बियांत हाच पदार्थ आहे. मद्रासेस १९३७ साली तो त्या बियांतून वेगळा काढण्यात आला. वाटेत, म्हणजे मेंदूबाहेर, त्याची लूट होऊ नये म्हणून गोळीत कार्बिडोपा नावाचा सोबती घालतात. हा सोबती लूट थांबवितो, पण त्याला स्वतःला वेशीतून आत जाता येत नाही. आणि तेच आपल्या सोयीचे आहे, कारण आत गेला असता तर त्याने आतलेही काम अडविले असते. ज्या वेशीने औषधशास्त्रज्ञांना शंभर वर्षे छळले तिचाच इथे उपयोग करून घेतला आहे. आमच्या मते विसाव्या शतकातील औषधविद्येत याहून चतुर गोळी नाही. तिच्यात एकही सूक्ष्म कण नाही, हेही लक्षात ठेवावे.

आता कणांकडे येऊ. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. आपल्या कारखान्यातून निघणारा साखरेचा दाणा एक मिलिमीटरचा धरला, तर ज्या पुटांबद्दल आम्ही बोलत आहो ती ८० नॅनोमीटरची पुटे त्याच्या एका कडेवर बारा हजारांहून अधिक ओळीने मावतील. ती कशी बनतात? केंब्रिजजवळ बॅब्रॅहम येथे अ‍ॅलेक बँगहॅम हे शास्त्रज्ञ १९६० नंतरच्या पहिल्या वर्षांत अंड्याच्या बलकातील लेसिथिन पाण्यात मिसळून पाहत होते. या पदार्थाच्या प्रत्येक रेणूचे डोके पाण्याचे लोभी आणि शेपूट पाण्याला भिणारे. पाण्यात पडताच हे रेणू शेपटीला शेपूट लावून उभे राहतात आणि आपोआप गोल पुटे तयार होतात. आत पाणी, बाहेर पाणी, मध्ये चरबीचा पातळ पापुद्रा. सहकाऱ्यांनी थट्टेने त्यांना "बँगोसोम" म्हटले. पुढे लायपोसोम हे नाव पडले. औषध पाण्यात विरघळणारे असेल तर पुटाच्या पोटात ठेवावे, स्निग्ध असेल तर पापुद्र्यात. अँफोटेरिसिन पापुद्र्यात बसते.

हे काम आपल्याकडे कोणी केले याचा उल्लेख फार थोड्या वेळा होतो, म्हणून आम्ही तो मुद्दाम करतो. दिल्ली विद्यापीठात प्रा. बिमलकुमार बच्छावत होते. मूळचे ते मेंदूच्या रसायनांचे अभ्यासक. वेल्लोरला असताना मुलांच्या मेंदूत चरबी साठविणाऱ्या एका आनुवंशिक विकाराच्या संशोधनात त्यांचा भाग होता. मुंबईत परळला केईएम इस्पितळ आणि सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालय येथे डॉ. नीलिमा क्षीरसागर आणि त्यांचे सहकारी होते. मेंदूचे शल्यविशारद डॉ. सुनील पंड्या यांचेही नाव या कामाशी जोडलेले आहे. परदेशी पुटांची किंमत आपल्या रुग्णांच्या आवाक्याबाहेर, म्हणून देशी लायपोसोमल अँफोटेरिसिन तयार करून, परळच्या खाटांवरच्या रुग्णांत त्याची पारख करून, ते बाजारापर्यंत नेण्याचे कष्ट या मंडळींनी घेतले. या देशी औषधाची एक खूण आम्हांला फार आवडते. परदेशी पुटे कारखान्यातूनच बारीक होऊन येतात. आपली पुटे रुग्णाला देण्यापूर्वी इस्पितळातच ध्वनिकंपनाच्या यंत्रात सुमारे पाऊण तास ठेवून बारीक करावयाची. यंत्र साधे, सोनार दागिने धुण्यास वापरतात त्या जातीचे. गरीब देशाने शोधलेला हा उपाय दिसायला ओबडधोबड असेल, पण त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही.

आता मामेभावांच्या प्रश्नाच्या पहिल्या भागाचे उत्तर. "ज्या कणांनी मला वाचवलं" असे ते म्हणाले. खरे, पण ते कण मेंदूची वेस ओलांडून गेले म्हणून वाचविले असे नव्हे. अँफोटेरिसिन बुरशीच्या पापुद्र्यातील एका पदार्थाला धरते आणि तिथे भोके पाडते. आपल्या पेशींच्या पापुद्र्यात कोलेस्टेरॉल असते, ते त्या पदार्थाचे चुलत भावंडच. म्हणून औषध आपल्यालाही थोडे चावते, आणि सर्वांत अधिक मूत्रपिंडाला. चरबीच्या पुटात बसले की ते शांत बसते, मूत्रपिंडाला फारसे डिवचत नाही. त्यामुळे दर किलोस १ मिलिग्रॅमच्या ठिकाणी ५ मिलिग्रॅम देता येते, आणि तेही आठवड्यामागून आठवडे. बुरशीपर्यंत पुरेसे औषध पोहोचले ते मात्रा मोठी होती म्हणून. शिवाय जिथे बुरशीने रक्तवाहिनीच बुजविली आहे तिथे कोणतेही औषध जात नाही. ते मेलेले मांस शल्यविशारदानेच काढावे लागते. त्यांचा डोळा उगीच गेला नाही. औषध, सुरी आणि साखरेवर ताबा, हे तिन्ही मिळून ते वाचले.

तथापि कणांनी मेंदूच्या विकारात काहीच केले नाही असेही समजू नये. कबुतरांच्या विष्ठेत सापडणारी एक बुरशी एड्सच्या रुग्णांना मेंदूज्वर देते. आफ्रिकेतील पाच देशांत आठशेंहून अधिक रुग्णांवर झालेल्या प्रयोगाचा निष्कर्ष २०२२ साली प्रसिद्ध झाला. साध्या अँफोटेरिसिनची सात दिवसांची शिरेतली सुई एका गटाला. आणि दर किलोस १० मिलिग्रॅम अशी लायपोसोमल औषधाची एकच मोठी मात्रा दुसऱ्या गटाला, जोडीला दोन तोंडी औषधे. दहा आठवड्यांत पहिल्या गटातले शंभरांत २८.७ दगावले, दुसऱ्यातले २४.८, आणि दुसऱ्या गटाला त्रास कमी झाला. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने एकाच मात्रेची ही पद्धत शिफारशीत घेतली. सात दिवस इस्पितळात सुई लावून पडणे आणि एकदाच येऊन घेणे, यांत खेड्यातल्या माणसाला किती अंतर वाटते हे तालुक्याच्या गावी सांगण्याची गरज नाही.

आता प्रश्नाचा दुसरा भाग. रोगाने वेस मोडलेली नसताना, धडधाकट वेशीतून, कणाला आत कसे न्यावे? इथे आम्हांला बेटावरच्या शुक्राचार्यांच्या मंदिराची आठवण होते. संजीवनी विद्या शिकण्यास देवांनी कचाला पाठविले. दैत्यांनी त्याला जाळून त्याची राख मद्यात कालविली आणि ते मद्य गुरूला पाजले. कच पोटात गेला तो स्वतःच्या बळावर नव्हे. गुरूला जे प्रिय होते त्यात मिसळून गेला. मेंदूच्या वेशीवर लोहाला असा मान आहे. रक्तात लोह वाहून नेणारे एक प्रथिन आहे, आणि वेशीवरच्या पेशी त्याला ओळखून, गिळून, पलीकडे लोह पोहोचवितात. तेव्हा औषधाच्या कणावर त्या प्रथिनाची किंवा त्याच्या दाराला चिकटणाऱ्या रेणूची खूण लावली तर? बराच काळ लोकांनी ही खूण होईल तितकी घट्ट चिकटणारी केली आणि फसले. औषध पेशीत शिरे आणि तिथेच अडकून पचून जाई. २०११ साली अमेरिकेतील संशोधकांनी दाखविले की खूण जरा सैल ठेवली तर पलीकडे अधिक पोहोचते. कच पोटात गेला ही अर्धीच कथा. संजीवनी मंत्र मिळाला म्हणून तो बाहेर आला. या मार्गाने एक औषध जपानमध्ये २०२१ साली मंजूर झाले, मुलांच्या एका दुर्मीळ आनुवंशिक विकारावर. मात्र तो कण नव्हे, खूण जोडलेला एकच मोठा रेणू आहे.

कणांचे प्रयोग पुष्कळ आहेत. फ्रँकफुर्टचे क्रॉयटर यांनी १९९५ च्या सुमारास वेदनाशामक औषध कणांत घालून, कणांवर साबणाच्या जातीचा लेप देऊन उंदरांना टोचले. एरवी मेंदूत न जाणारे ते औषध लागू पडले. रक्तातली चरबी वाहणारे प्रथिन त्या लेपाला चिकटते आणि वेशीवरचे पहारेकरी फसतात, असा त्याचा उलगडा सांगतात. २००७ साली पिसाळरोगाच्या विषाणूच्या अंगावरचा एक छोटा तुकडा घेऊन उंदरांच्या मेंदूत औषध पोहोचविण्यात आले. आपल्याकडे माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत डॉ. वंदना पत्रावळे आणि सहकाऱ्यांनी हिवतापावरचे आर्टेमेथर चरबीच्या सूक्ष्म कणांत बसविले, टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या साहाय्याने उंदरांवर पाहिले, आणि ते काम २००८ साली प्रसिद्ध केले. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात त्याच सुमारास नाकावाटे मेंदूत औषध नेण्याचे प्रयोग झाले, तेही उंदरांवर. नाकाच्या छताशी वासाच्या नसा मेंदूला भिडलेल्या असतात, तेव्हा ही वाट कल्पित नव्हे. बुरशी तरी त्याच बाजूने वर चढली होती.

मग या उंदरांचे पुढे काय होते, असे कोणी विचारील. बहुतेक कामे तिथेच थांबतात, आणि त्याची कारणे लपविण्यासारखी नाहीत. टोचलेल्या कणांपैकी फार मोठा वाटा यकृत आणि प्लीहा गिळून टाकतात. मेंदूपर्यंत शंभरांत एक भागही पोहोचला तर लोक त्याला यश समजतात. उंदराच्या नाकात वासाचा भाग अर्ध्याच्या आसपास असतो, माणसाच्या नाकात तो थोडासा वरच्या कोपऱ्यात. म्हणून उंदराला लागू पडलेले थेंब माणसाच्या घशात उतरतात. कण आत गेलाच, तर तो तिथे वर्षानुवर्षे काय करील हे पाहण्यास वर्षेच लागतात, आणि कंपवाताचा रुग्ण औषध घेतो तेही वर्षानुवर्षे. शेवटचे कारण कारखान्याचे: प्रयोगशाळेत चमचाभर बनविलेले कण एकसारखे येतात, पिंपभर बनविले की लहानमोठे होतात. अर्थात ही कारागिरी आपल्याला साधणारच नाही असे नाही. पुण्याच्या जेनोवाने बनविलेल्या, २०२२ साली परवानगी मिळालेल्या लसीत चरबीचे असेच कण आहेत. वर्ध्यासारख्या ठिकाणी २०२१ च्या मे महिन्यातच अँफोटेरिसिनचे इंजेक्शन तयार होऊ लागले, ते चरबीच्या दुधाळ मिश्रणाच्या रूपात. सरकारने त्या जूनमध्ये या औषधावरचा कर माफ केला, फुले योजनेत या रोगाचा खर्च घेतला. हे सारे झाले. पण मामेभावांचे ते चार दिवस त्याआधीचे होते. ज्या राज्यात साखरेचा विकार इतका पसरला आहे तिथे अशा औषधाचा साठा आधीच असावयास हवा होता, हे मत आम्ही तेव्हाही बोलून दाखविले आणि आजही सोडलेले नाही.

त्या बाटलीविषयी. कंपवात बरा करणारे सूक्ष्म कणांचे कोणतेही औषध आज मंजूर नाही. बाटलीवर औषधाचा परवाना क्रमांक नव्हता. आत काय आहे ते लिहिले नव्हते. आम्ही वास घेतला, तिळाच्या तेलात कापूर असावा असे वाटले. तिने अपाय झाला नसता कदाचित. खरा अपाय असा होता की वहिनींनी ती सुरू करताना गोळी निम्म्यावर आणली होती. "दोन-दोन औषधं कशाला," असे विकणाऱ्याने सांगितले होते. हात अधिक थरथरू लागला तेव्हा तो म्हणाला, रोग बाहेर पडतो आहे.

गोळी पुन्हा पूर्ववत करण्यास त्यांच्या डॉक्टरांकडे आम्ही बरोबर गेलो. तिथे एक गोष्ट निघाली. वहिनी सकाळची गोळी पेलाभर दुधाबरोबर घेत. कडू लागते म्हणून. दुपारची घेत वरणभाताच्या मध्येच. आता, लेव्होडोपा प्रथिनांच्या दाराने आत जाते हे आपण पाहिले. दूध आणि वरण यांतली प्रथिनेही त्याच दाराशी गर्दी करणार. मग औषधाने आत शिरावे कसे? डॉक्टरांनी वेळा बदलून दिल्या: गोळी जेवणाच्या पाऊण तास आधी, नुसत्या पाण्याबरोबर, दूध रात्री. मात्रा तीच, किंमत तीच. प्रत्येकाच्या गोळीचे वेळापत्रक त्याच्या डॉक्टरांनीच ठरवावे, ऐकीव गोष्टीवर बदलू नये. म्हणून आम्ही इथे अधिक तपशील सांगत नाही.

गेल्या संक्रांतीला आम्ही गेलो तेव्हा तिळाच्या वड्या वहिनींनीच थापल्या होत्या. कडा जरा वाकड्या होत्या. मामेभावांनी एका डोळ्याने त्या न्याहाळल्या आणि म्हणाले, "हिचा हात आधीपासूनच असा."